वही कोणाच्या हातात?

ऑक्टोबरची छाटणी झाली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पुढचे तीन-चार महिने बायकांचे हात वेलीवरून हलत नाहीत. काड्या बांधायच्या, बगलफुटी काढायच्या, शेंडे मारायचे, घडांची विरळणी करायची, एकेक घड औषधात बुडवायचा. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून आलेल्या मजूर बायका सकाळी गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात कामाची वाट बघत उभ्या असतात. मळ्यातल्या घरची सून त्यांच्याही आधी उठून, भाकऱ्या थापून बागेत पोचलेली असते. हिला विचारा, परवा कोणतं औषध मारलं? किती दिवस बागेत शिरायचं नाही? माल काय भावाने ठरला? बहुतेक वेळा उत्तर एकच येतं, ‘ते घरातल्या माणसांना माहीत.’

हा लेख त्या सुनेसाठी आहे, आणि बचत गटातून काहीतरी उभं करू बघणाऱ्या प्रत्येकीसाठी. महिलांचं नेतृत्व म्हटलं की आपल्याकडे सत्कार, फेटे आणि व्यासपीठावरची खुर्ची डोळ्यांसमोर येते. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. धंद्यात नेतृत्व कोणाचं हे ओळखायची साधी खूण आहे. हिशेबाची वही कोणाच्या हातात आहे आणि कागदावर सही कोणाची आहे, एवढं बघावं. आणि शाश्वत व्यवसाय म्हणजे जमीन, पाणी आणि राबणारं माणूस न संपवता वीस वर्षं चालेल असा व्यवसाय. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. माती, पाणी आणि अंगमेहनत यांची झीज जिला रोज दिसते, तिच्या हातात निर्णय नसेल तर ती झीज हिशेबात कधीच येत नाही.

आधी सातबारा

हे सगळं पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोललं गेलं ते आपल्याच नाशिक जिल्ह्यात. 9 आणि 10 नोव्हेंबर 1986 रोजी चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. लाखोंच्या संख्येने शेतकरी बायका आल्या होत्या. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल ज्या गावात उभा आहे, त्याच गावात शेतात राबणारी बाई स्वतःच्या प्रश्नावर बोलायला उभी राहिली. त्यातूनच पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करावा आणि घरच्या लक्ष्मीचं थोडं तरी ऋण फेडावं, अशी ती कल्पना. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात 1989 मध्ये संपूर्ण ग्रामपंचायत बायकांची निवडून आली आणि तिथल्या पुरुषांनी खरोखरच बायकांच्या नावे जमिनी केल्या. 1992 मध्ये राज्य सरकारनेही लक्ष्मीमुक्तीच्याच नावाने निर्णय काढला आणि पतीच्या अर्जावरून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायची वाट मोकळी केली.

चांदवडला इतकी वर्षं झाली. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांपैकी स्त्रिया जेमतेम 14 टक्के निघाल्या. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे, आणि आपल्या गावातली महिला शेतकरी अजून पीककर्जाच्या अर्जावर ‘सहकर्जदार’ म्हणून अंगठा उमटवते आहे.

म्हणून कोणताही उद्योग काढायच्या आधी घरचा सातबारा काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. त्यात दोन जागा नीट बघायच्या. ‘भोगवटादाराचे नाव’ ही एक आणि ‘इतर अधिकार’ ही दुसरी. बाईचं नाव पुष्कळदा दुसऱ्या जागी सरकवलेलं असतं. ‘नाव आहे की तुझं’ असं सांगितलं जातं, तेही खोटं नसतं. पण बँक बघते ती भोगवटादार कोण हेच. पती हयात आणि राजी असेल तर तलाठ्याकडे अर्जाची चौकशी करा. पती वारला असेल तर वारस नोंद लगेच करून घ्या, ती लांबली की भाऊबंदकीत अडकते. माहेरच्या जमिनीबद्दलही एक सांगते. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने 1994 मध्येच दिला, केंद्राचा कायदा 2005 मध्ये आला. हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही हा तुमचा प्रश्न. पण न वाचता, राखीच्या ओवाळणीत ती सही देऊ नका. आणि शेतीच नसेल तर? ‘घर दोघांचे’ ही योजना 2003 पासून आहे, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घराला पती-पत्नी दोघांची नावं लागू शकतात. पापडाचं यंत्र त्याच घरात बसवायचं असेल तर हा कागद उद्या कामाला येतो.

फवारणीची वही

2010 साली नाशिकच्या द्राक्षांवर मोठं संकट आलं होतं. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट क्लोराइड हे संजीवक युरोपात मालाच्या तपासणीत मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, निर्यातदार आणि बागायतदार कर्जात गेले. तेव्हापासून ‘रेसिड्यू’ हा शब्द वस्तीवस्तीवर पोचला. त्याआधीच अपेडाची ‘ग्रेपनेट’ व्यवस्था सुरू झालेली होती. निर्यातीची प्रत्येक बाग नोंदवायची, प्रत्येक फवारणी लिहून ठेवायची, म्हणजे परदेशातल्या दुकानातल्या पेटीवरून थेट नाशिकच्या प्लॉटपर्यंत माग काढता येतो.

या व्यवस्थेचा गाभा काय, तर एक वही. तारीख, औषध, प्रमाण, काढणीआधी सोडायचे दिवस. बाईच्या नेतृत्वाची सुरुवात नेमकी इथून करावी, असं माझं ठाम मत आहे. कारण बागेत दिवसभर तीच असते. कोणत्या ओळीत भुरी दिसली, कुठे घडात पाणी साचलं, हे तिला आधी कळतं. फवारणीनंतर ओल्या पानांत हात घालून विरळणी करायची वेळही तिच्यावरच येते. ज्या हातांना औषध लागतं त्याच हातांत वही असली, तर दोन फवारण्यांमधलं अंतर पाळलं जातं, विनाकारण मारलेली तिसरी फवारणी वाचते आणि औषधांच्या दुकानाची उधारीही कमी होते. एका हंगामापुरती ही वही मागून घ्या. घरात कुरकुर होईल. मालाच्या तपासणीचा अहवाल आल्यावर तीच वही पुढच्या वर्षी आपणहून तुमच्याकडे दिली जाईल.

कांद्याला, भाजीपाल्याला, दुभत्या जनावरांनाही हेच लागू. चाळीत किती क्विंटल भरला, सडून किती गेला, कधी कोणत्या भावाने विकला, हे तीन हंगाम लिहून ठेवलेली बाई लासलगावच्या बाजाराबद्दल जे बोलेल ते ऐकावंच लागतं.

आपल्या मातीला झेपेल ते

नाशिक जिल्हा एक नाही. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्यात पाऊस कोसळतो आणि तरीही उन्हाळ्यात डोक्यावरचा हंडा सुटत नाही. पूर्वेला येवला, नांदगाव, चांदवड पावसाची वाट पाहतात. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातल्या गटाने काय केलं हे पाहून उद्योग निवडू नका.

पश्चिमेकडच्या गटांनी नागली आणि वरईकडे पुन्हा बघावं. नागलीला वरून पाणी द्यावं लागत नाही, डोंगरउतारावर ती येते, आणि शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण गट काय करतात? आख्खी नागली व्यापाऱ्याला विकतात आणि दुकानातून मैद्याची बिस्किटं आणतात. इगतपुरीला कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. वाण कोणता घ्यावा, पीठ किती दिवस टिकतं, सत्व कसं काढावं, हे तिथे जाऊन विचारता येतं. जाताना एकटीने जाऊ नका, तिघीजणी जा. एकीने विचारायचं, एकीने लिहायचं, एकीने हाताने करून बघायचं.

बियाणं घरचं ठेवा. कळसूबाईच्या पलीकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान बियाणं जमवलं, बाएफ संस्थेच्या मदतीने बीज बँक उभी केली, आणि 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्यांच्या कामाचं कौतुक सगळे करतात. उद्योगाच्या अंगाने त्यातून घ्यायचा धडा मात्र कमी जणींनी घेतला. ज्या गटाचं बियाणं घरचं आहे त्याचा दर हंगामाचा पहिला खर्चच वाचतो, आणि त्याच्या मालाला स्वतःची अशी चव असते.

कांदा-भाजीपाल्याच्या पट्ट्यात वाळवण हा मार्ग चांगला आहे. एस फोर एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने गावातल्या बायकांना सौर वाळवणी यंत्रं देऊन, भाव पडल्यावर फेकला जाणारा माल वाळवून विकत घ्यायची साखळी उभी केली, आणि 2023 मध्ये तिला अर्थशॉट पुरस्कार मिळाला. आपल्या आजीने गच्चीवर केलं तेच काम हे, फक्त जाळीखाली, धूळ न बसता आणि ग्राहक आधी ठरवून. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. वाळवण करून मग गिऱ्हाईक शोधत फिरू नका.

स्वतःची मजुरी धरा

बचत गटांचे उद्योग का बसतात, याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. बाजारपेठ नाही, भांडवल नाही, बायकांत एकी नाही. माझ्या मते सर्वांत मोठं कारण किंमत काढण्यातली चूक आहे. म्हणून इथे जरा सविस्तर सांगते. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा गटाने 25 किलो नागलीचे पापड करायचं ठरवलं. नागली 50 रुपयांनी, म्हणजे 1250 रुपये. तीळ, जिरं, पापडखार, तेल 350. जळण 250. पाकिटं आणि लेबल 300. दळण आणि वाहतूक 350. एकूण झाले 2500. पापड निघाले 22 किलो. म्हणजे किलोला खर्च साधारण 114 रुपये. गट म्हणतो, 200 रुपयांनी विकू, चांगला नफा आहे. 4400 रुपये येतात, 1900 उरल्यासारखे वाटतात, सहाजणी वाटून घेतात, प्रत्येकीला तीनशे-सव्वातीनशे मिळतात.

आता यात सहाजणींचे दोन-दोन दिवस धरा. बारा दिवसांची मजुरी, 350 रुपयांनी, 4200 रुपये. खरा खर्च 6700. किलोला 305 रुपये. म्हणजे 200 रुपयांनी विकताना गटाला 2300 रुपयांचा तोटा झाला आणि तो प्रत्येकीने आपल्या अंगावर सोसला. दोन दिवस बागेत गेली असती तर जास्त मिळाले असते. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकेक जण गळायला लागते, आणि मग आपण म्हणतो, बायकांत एकी नाही!

हा हिशेब मांडल्यावर तीनच गोष्टी करता येतात. भाव वाढवायचा, नाहीतर यंत्र घेऊन दिवस कमी करायचे, नाहीतर तो पदार्थ सोडून द्यायचा. तिसरी गोष्ट करायला लाजू नका. पण राबणारीची मजुरी गिळून धंदा चालवू नका. बाईची फुकट मेहनत हे भांडवल समजणारा उद्योग शाश्वत नसतो, मग त्याच्या पाकिटावर हिरवं पान छापलेलं का असेना.

लिज्जत पापडाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. 15 मार्च 1959, गिरगाव, सातजणी, 80 रुपये उसने. त्या 80 रुपयांचं कौतुक फार होतं. मला त्यातली दुसरी बाजू मोलाची वाटते. सुरुवातीपासून मदत करणाऱ्या छगनबाप्पा पारेखांनी हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरला, संस्थेने देणग्यांवर जगायचं नाही असं ठरवलं, आणि लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण राहिली. लाटण्याची मजुरी तिला आधी मिळते, नफा-तोट्याची वाटणी नंतर.

कागद आणि कर्ज

दहाजणींचा गट, गावाचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ ही उमेदची मांडणी तुम्हाला ठाऊक आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) गटांना लोकसंचालित साधन केंद्राचा आधार असतो. बहुतेक छोट्या उद्योगांना एवढी रचना पुरते. पंचसूत्री पाळा, म्हणजे बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब यांत खंड पडू देऊ नका. गटाला 10 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेने तारण मागायचं नसतं. शाखेत कोणी मागितलं तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनेची आठवण नम्रपणे, पण लेखी करून द्या.

शेतकरी उत्पादक कंपनी काढायची हौस सध्या फार आहे. दिंडोरीजवळ मोहाडीला सह्याद्री फार्म्स उभी राहिलेली पाहून ती वाढली. दहा उत्पादक आणि पाच संचालक असले की कंपनी निघते, आणि शेअर कितीही असले तरी मत प्रत्येकीला एकच, ही तिची खरी ताकद. पण वार्षिक विवरणपत्रं वेळेवर भरली नाहीत तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला 100 रुपये ज्यादा शुल्क बसतं. वर्षभर विसरलात तर दोन अर्जांचे 73 हजार होतात. कित्येक कंपन्या अशाच कागदावर मेल्या. नियमित माल आणि नियमित गिऱ्हाईक होईपर्यंत कंपनीची घाई करू नका. आणि संचालक म्हणून बायकांची नावं देऊन कारभार नवरे पाहणार असतील तर मुळीच काढू नका. पंचायतीत 50 टक्के आरक्षण आलं तेव्हा ‘सरपंचपती’ निपजले. कंपनीत तसं झालं तर दंडाची नोटीस मात्र सही करणाऱ्या बाईच्या नावाने येते.

उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. खाद्यपदार्थ असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी, विक्री नंतर. केंद्राच्या खरेदी धोरणात सूक्ष्म-लघु उद्योगांच्या वाट्यातले 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी राखलेले आहेत, ते उद्यम नोंदणीशिवाय मिळत नाहीत. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण महिलेला प्रकल्प खर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. चालू अटी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन स्वतः विचारा. फक्त अनुदान मिळतं म्हणून यंत्र घेऊ नका. गटाच्या नावावर उचललेलं कर्ज घरातल्या ट्रॅक्टरच्या हप्त्याला जाऊ देऊ नका. हे होतं, आणि हप्ता थकला की बैठकीत मान खाली घालून बसायची वेळ बाईवरच येते.

बँकेचं भय वाटत असेल तर म्हसवडच्या बायका आठवा. चेतना गाला सिन्हांनी माणदेशी महिला बँकेसाठी केलेला पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण कागदावर अंगठे होते. बायकांनी साक्षरतेचे धडे घेतले, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवली. 1997 मध्ये परवाना मिळाला.

सिंहस्थ आणि त्यानंतर

2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरमध्ये आत्तापासून तयारी चालू आहे. कापडी पिशव्या, पत्रावळी, नागलीचे लाडू, जेवणाचे डबे, मुक्कामाची सोय, सगळ्याला मागणी येणार. गटांनी ही संधी जरूर घ्यावी, आणि प्लास्टिकला पर्याय देणाऱ्या गटांनी तर नक्कीच. पण एवढ्यासाठी मोठं कर्ज काढून शेड बांधू नका. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, हप्ता दर महिन्याला. यंत्र भाड्याने घ्या, दोन-तीन गट मिळून ऑर्डर घ्या, आणि जे पैसे येतील त्यातला चौथा हिस्सा गटाच्या राखीव निधीत टाका. अवकाळी आला, गारपीट झाली, कोणी आजारी पडली की तोच निधी सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवतो.

शेवटचं सांगायचं ते गटाच्या अध्यक्षांना. ताई, तुम्ही चांगलं चालवता म्हणूनच सांगते. दहा वर्षं एकाच बाईच्या नावावर चालणारा गट तिच्या आजारपणात बंद पडतो. यंदा बँकेत जाताना बरोबर एक तरुण मुलगी न्या. हिशेब तिला लिहू द्या, चुकू द्या, पुन्हा लिहू द्या. व्यापाऱ्याशी बोलताना तिला शेजारी बसवा. मजूर म्हणून येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या बायकांतल्या कोणाला गटात घेता येईल का, याचाही विचार करा. बागेचं काम त्यांच्याइतकं कोणालाच येत नाही.

आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकीला एक विनंती. या आठवड्यात 15 रुपये खर्च करा, घरचा सातबारा काढा, आणि भोगवटादाराच्या जागी कोणाचं नाव लिहिलं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.